धक्का खातो पाटा, नाव शॉकपचं

या वीकेंडला जरा ग्रीसने हात काळे करू.

'शॉक ॲब्सॉर्बर' हे नाव ज्याने कोणी पाडलं, त्याने पुढच्या शंभर वर्षांच्या ड्रायव्हर लोकांची मोठीच दिशाभूल करून ठेवली आहे. कारण शॉक ॲब्सॉर्बर शॉक खातच नाही. चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा धक्का खाते ती स्प्रिंग. टेम्पो-पिकअपच्या भाषेत पाटे. पाटा वाकतो, धक्क्याची ऊर्जा स्वतःत साठवतो आणि लगेच उसळून परत देतो. मग पुन्हा वाकतो, पुन्हा उसळतो. कोणी अडवलं नाही तर एका खड्ड्यासाठी गाडी दहा वेळा मान डोलवेल. हे डोलणं जो थांबवतो तो शॉकप. साठलेली ऊर्जा तेलातून ढकलून तो तिची उष्णता करतो आणि हवेत सोडून देतो, बस्स. इंग्रज लोक त्याला 'डँपर' म्हणतात ते जास्त बरोबर आहे. मराठी पुस्तकात याला 'अवमंदन' असा भारदस्त शब्द आहे, पण तो घेऊन गॅरेजवर जाऊ नका, चहा पाजून परत पाठवतील :)

ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर स्प्रिंग म्हणजे बफर. आलेला लोड पोटात घेते. पण बफर रिकामा कसा आणि किती वेगाने करायचा हे ठरवणारं कोणी नसेल तर सिस्टीम हेलकावे खात बसते. असो. एवढीच उपमा, यापुढे आयटी बंद.

नावाची एवढी चर्चा कशाला? तर माझे एक काका आहेत जुन्नर तालुक्यात. त्यांची पिकअप आहे. हंगामात नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरायचे, माळशेज उतरून कल्याणमार्गे वाशी मार्केट गाठायचं, सकाळी परत. गेल्या हंगामात मी गावी गेलो तेव्हा गाडीचे मागचे टायर बघितले. टायरवर तळवा फिरवला तर उंचवटा-खळगा, उंचवटा-खळगा, असं वाटीवाटीने झिजलेलं रबर. वर्षात दुसरी जोडी. मी म्हटलं, "काका, तुमचे शॉकप गेलेत." काका हसून म्हणाले, "अरे, पाटे दणकट हायेत. मागं टोमॅटो बसतात, पाव्हणे न्हाई बसत. टोमॅटो कधी कंबर दुखते म्हणला का?"

हे उत्तर काकांचं एकट्याचं नाही. शॉकप म्हणजे आरामाची वस्तू, मालाच्या गाडीला तिचं काय काम, ही समजूत आहे थेट १९०५-१० मधली. ती कुठून आली हे शोधत बसलो आणि दोन शनिवार त्यात गेले. (मी मेकॅनिकल केलं आणि मग निम्म्या वर्गासारखा आयटीत आलो. तेव्हा व्हायब्रेशनच्या पेपरचा एवढा तरी उपयोग!)

सुरुवात घोडागाडीपासून. १८०४ मध्ये लंडनच्या ओबडाया इलियटने लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं आणि घोडागाड्या हलक्या झाल्या. आपल्याकडच्या टांग्यालाही याच घराण्यातले पाटे. आता गंमत बघा, टांग्याला शॉकप नसतो आणि तरी तो उड्या मारत नाही. कारण पाट्यावर पाटा रचलेला असतो, वाकताना ते एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातच बरीचशी उसळी मरते. घोड्याच्या वेगाला तेवढं पुरतं. म्हणजे पाट्याच्या पोटात एक फुकटचा शॉकप आधीपासून होताच. काकांचं 'पाटे दणकट हायेत' हे त्या काळासाठी शंभर टक्के खरं आहे!

मोटार आली आणि हिशेब बिघडला. वेग दुप्पट-तिप्पट झाला. प्रत्येक वजनाला आणि स्प्रिंगला स्वतःची एक लय असते. रस्त्यावरच्या खड्ड्यांची लय तिच्याशी जुळली की हेलकावा वाढतच जातो, झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिल्यासारखा. घोड्याच्या चालीत ही वेळ क्वचित यायची, मोटारीत रोजची झाली.

पहिला उपाय आला सायकलीवरून. फ्रान्समधल्या त्रुफो नावाच्या माणसाने आधी सायकलच्या पुढच्या फोर्कसाठी घर्षणावर चालणारी एक युक्ती काढली होती. एडवर्ड हार्टफर्ड या अमेरिकन माणसाने ती पाहिली आणि १९०४ च्या सुमारास मोटारीसाठी अमेरिकेत नेली. कात्रीसारखे दोन दांडे, जोडावर घासणाऱ्या चकत्या, मधला नट आवळला की घर्षण वाढणार. एवढंच. रेसच्या गाड्यांवर हे 'त्रुफो-हार्टफर्ड' झटक्यात लोकप्रिय झालं.

पण घर्षणाचा स्वभाव या कामाला अगदी उलटा आहे. थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो आणि एकदा हलली की कमी. म्हणजे बारीकशा खडीवर, जिथे स्प्रिंगने मऊसूत हलायला हवं, तिथे चकत्या चिकटून बसणार आणि गाडी खडखडणार. आणि मोठ्या खड्ड्यात, जिथे खरा विरोध हवा, तिथे चकत्या घसरत जाणार. छोट्या धक्क्याला कडक आणि मोठ्या धक्क्याला ढिला. आपल्याला नेमकं याच्या उलट हवं असतं.

तरी ती पिढी घर्षणावरच अडकली होती. ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये क्लॉड फॉस्टर नावाचा एक संगीतप्रेमी खटपट्या होता. त्याने आधी गाडीच्या धुरावर वाजणारा सुरेल भोंगा बनवला आणि स्वर्गात तुतारी फुंकणाऱ्या देवदूताच्या नावावरून त्याला 'गॅब्रिएल' म्हटलं. नंतर त्याने पट्ट्याचा 'स्नबर' काढला: चासीवर एक स्प्रिंग लावलेली गुंडाळी, तिच्याभोवती पट्टा, पट्ट्याचं दुसरं टोक ॲक्सलला. चाक वर आलं की पट्टा सैल, चाक खाली जाऊ लागलं की पट्टा ताणून धरणार. म्हणजे हा गडी फक्त उसळी रोखतो, धक्क्याला हातही लावत नाही. शॉकपचं खरं काम काय हे या पट्ट्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच यंत्राने दाखवलं नसेल. फॉस्टर यावर श्रीमंत झाला, कंपनी विकली, आणि १९५२ मध्ये बऱ्याच सेवाभावी नि शिक्षणसंस्थांच्या लोकांना जेवायला बोलावून जवळजवळ सगळी संपत्ती त्यांना वाटून मोकळा झाला. आपल्याकडे हायवेवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर 'गॅब्रिएल' लिहिलेलं असतं ना, त्या नावाचा उगम हा भोंगा.

आता मुद्द्याची गोष्ट. ही सगळी यंत्रं बाजारातून विकत आणून वरून बसवायची होती. हेन्री फोर्डच्या मॉडेल टीच्या १९०८ ते १९२७ मध्ये दीड कोट गाड्या निघाल्या, आणि कारखान्यातून येताना त्यांना शॉकप नव्हता. आडवे पाटे, बाकी नशीब. ज्याच्या खिशात पैसे जास्त तो बाहेरून शॉकप लावून घ्यायचा, जसं आपण सीट कव्हर लावतो. माझ्या मते 'शॉकप म्हणजे चैन' ही समजूत इथे पक्की झाली. ब्रेक कोणी वरून विकत घेत नव्हतं, म्हणून ब्रेकला कोणी चैन म्हटलं नाही.

दरम्यान फ्रान्समध्येच मॉरिस हुदाय याने घर्षण सोडून तेल धरलं होतं. गोल डबी, तिच्यात तेल, तेलात फिरणारे पाते, आणि तेलाला पलीकडे जायला बारीक वाट. तेलाचा गुण असा, की हळू ढकललं तर मुकाट जातं, जोरात ढकललं तर जोरात विरोध करतं. म्हणजे छोट्या धक्क्याला मऊ आणि मोठ्याला कडक. घर्षणाच्या बरोबर उलट, हवं होतं तसं! १९२७ च्या अखेरीस फोर्डने मॉडेल टीच्या जागी मॉडेल ए आणली तेव्हा चारही चाकांना हुदायचे तेलाचे शॉकप कारखान्यातूनच बसवून दिले. सामान्य माणसाच्या गाडीत शॉकप आला तो असा. मधल्या काळात, १९२३ नंतर, कमी हवेचे फुगीर 'बलून' टायर आले होते. ते बसायला छान, पण स्वतःच चेंडूसारखे उसळायचे, त्यामुळे उसळी रोखणारा हवाच होता.

इथपर्यंत सगळं अंदाजपंचे चाललं होतं. 'गाडी बसायला चांगली' म्हणजे नक्की काय, हे मोजायची शिस्त लावली मॉरिस ओलीने. हा माणूस रोल्स-रॉइसमध्ये घडलेला आणि १९३० मध्ये कॅडिलॅकला गेलेला. १९३२ मध्ये त्याने एका गाडीला पुढे-मागे वजनं लावायची सोय केली आणि वजनं नि स्प्रिंगा बदलत माणसं बसवून फिरवली. निष्कर्ष गमतीदार निघाला. पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ असेल तर गाडी सपाट चालते. कारण खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागचं चाक उशिरा पोचतं. मागची लय थोडी जलद असेल तर ती पुढच्या टोकाला गाठते आणि दोन्ही टोकं एकत्र वरखाली होतात. नाहीतर गाडी मान डोलवत राहते. आजही सस्पेन्शन शिकवताना ओलीचं नाव निघतंच.

तिसाव्या दशकापासून डबीचा शॉकप हळूहळू मागे पडला आणि आज आपण बघतो तो नळीचा, टेलिस्कोपिक शॉकप पुढे आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तर तोच सगळीकडे झाला. डबीत जागा थोडी, हालचाल थोडी, त्यामुळे दाब प्रचंड, आणि दाब प्रचंड म्हणजे सील फुटणार. लांब नळीत पिस्टन मोठा पल्ला मारतो, दाब कमी राहतो, वर नळीला वारा लागून उष्णता निघून जाते. आत काय असतं तर एक नळी, तिच्याभोवती दुसरी नळी, आतल्या नळीत तेल नि भोकं-व्हॉल्व्ह असलेला पिस्टन. दांडा आत शिरला की तो जागा खातो, तेवढं तेल तळाच्या व्हॉल्व्हमधून बाहेरच्या नळीत जातं. व्हॉल्व्ह असे बसवलेले असतात की दांडा बाहेर खेचताना विरोध जास्त आणि आत दाबताना कमी. म्हणजे फॉस्टरच्या पट्ट्याचा धडा इथेही आहेच.

याचा शत्रू म्हणजे फेस. खराब रस्त्यावर तासभर पळवलं की बाहेरच्या नळीतली हवा नि तेल घुसळून ताक होतं. फेसातून पिस्टन सुळकन जातो आणि विरोध संपतो. फ्रान्सच्या (परत फ्रान्स!) ख्रिश्चन बूर्सिए द कार्बोनने १९५३ च्या सुमारास यावर तोड काढली. नळी एकच, तेलाच्या मागे दाबाखाली नायट्रोजन, आणि दोघांत तरंगती चकती, म्हणजे वायू नि तेल भेटतच नाहीत. जर्मनीच्या बिल्स्टाइनने १९५७ पासून हे शॉकप मर्सिडीजसाठी बनवायला घेतले. 'गॅसचे शॉकप' म्हणतात ते याच वंशातले, फक्त त्यातले पुष्कळसे दोन नळ्यांचेच असून कमी दाबाचा गॅस भरलेले असतात.

एक उपकथा सांगतो, कारण ती टोमॅटोच्या जवळची आहे. सित्रोएनची १९४८ ची टू सीव्ही ही गाडी फ्रेंच शेतकऱ्यासाठी बनवली. साहेबाची अट अशी, की शेजारी टोपलीत अंडी ठेवून नांगरलेल्या शेतातून गाडी न्यायची आणि एकही अंडं फुटता कामा नये. म्हणजे १९४८ पूर्वीच एका माणसाला कळलं होतं की माल तक्रार करतो. फक्त तो बाजारात पोचल्यावर, भाव पाडून करतो.

आपल्याकडे हा नळीचा शॉकप खेडोपाडी पोचवला बहुधा जीपने. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या. चारही चाकांना पाटे आणि तेलाचे शॉकप. १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडिया सुरू झाली आणि मुलुंडला शॉकप बनू लागले. १९८५ पासून औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एंड्युरन्स उभी राहिली. आज आपल्या बुडाखालच्या दुचाकीचा शॉकप महाराष्ट्रात बनलेला असण्याची शक्यता चांगलीच आहे. आणि २००५ मध्ये पुण्यातून टाटाचा 'छोटा हत्ती' निघाला, तेव्हापासून शेतमालाची वाहतूक हातगाडी नि मोठा ट्रक यांच्या मधल्या या छोट्या गाड्यांवर आली.

पिकअपचं दुखणं कारपेक्षा वेगळं असतं. कारमध्ये एक माणूस असो की पाच, वजनात फार फरक पडत नाही. पिकअप जाताना मागे टनाहून जास्त घेऊन जाते आणि येताना रिकामी. पाटे भरल्या गाडीसाठी बनवलेले, म्हणून रिकामी गाडी दगडासारखी उडते. शॉकपला एकाच व्हॉल्व्हमध्ये हे दोन्ही सांभाळायचं असतं. तो मेला की येतानाच्या रिकाम्या फेरीत मागचं चाक रस्त्यावर टिकतच नाही, टप्पे घेत जातं. जिथे टेकलं तिथे घासलं, जिथे उडालं तिथे नाही. वाट्या पडतात त्या अशा. आणि जे चाक त्या क्षणी हवेत आहे त्याला ब्रेक लावून काय होणार? हवेतलं चाक थांबतं, गाडी थांबत नाही. पावसात माळशेजच्या वळणावर ही काही आरामाची गोष्ट राहत नाही.

वाईट म्हणजे शॉकप एका दिवसात मरत नाही. रोज थोडा थोडा मरतो आणि ड्रायव्हर रोज थोडी थोडी सवय करून घेतो. कारचा बोनेट दाबून सोडायची चाचणी सगळ्यांना माहीत असते, पण पिकअपच्या कडक पाट्यांवर दोन माणसं चढून नाचली तरी त्यातून फार काही कळत नाही. टायर बघावा, नळीवर तेलाचा ओघळ बघावा, रबरी बुश फाटलेत का बघावं.

काका शेवटी माझ्या इतिहासाने नाही, टायरच्या बिलाने तयार झाले. मागचे दोन शॉकप मिळून एका नव्या टायरपेक्षा बरेच स्वस्त निघाले. ओतूरच्या गॅरेजवर मिस्त्रींनी पुढच्या चाकांना दगड लावले, चासीखाली घोडे दिले, आणि गंजलेल्या नटांवर तेल सोडून आम्हाला चहाला पाठवलं. तरी एक नट शेवटी छिन्नीनेच निघाला. बाकी काम सोपं: वरचा एक बोल्ट, खालचा एक बोल्ट, जुना काढा, नवा घाला. बदलायचे ते जोडीनेच, नाहीतर एक बाजू उसळते नि दुसरी नाही.

मिस्त्रींच्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. नवा शॉकप बसवण्याआधी त्यांनी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबला आणि खेचला. दुकानात आडवा पडलेला असतो, हवा आतल्या नळीत शिरलेली असते, ती अशी बाहेर काढतात. आणि बुशचे बोल्ट त्यांनी शेवटचे आवळले ते गाडी जमिनीवर उतरवून, वजन आल्यावर. अधांतरी आवळले असते तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटलं असतं. यातलं एकही मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

जुना शॉकप मी काकांच्या हातात दिला. त्यांनी दांडा दाबला, तो पिचकारीसारखा सुळकन आत गेला. खेचला, तसाच बाहेर आला. मग नवा दिला. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा तो सावकाश आत सरकला, आणि बाहेर खेचताना त्याहून जास्त अडून बसला. काका दोनतीनदा करून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी ह्यो वढून धरतो व्हय." फॉस्टरच्या पट्ट्याचं याहून सोपं वर्णन मला करता आलं नसतं.

जुनी जोडी भंगारवाल्याने किलोवर नेली. पुढचे दोन शॉकप मात्र अजून तेच आहेत, एकाच्या नळीवर ओघळ दिसतोय. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, म्हणून खरं तर तेच आधी करायला हवे होते, हे मी आणि मिस्त्री दोघांनीही सांगून झालं. काकांचं म्हणणं, टोमॅटोला यंदा भाव आहे, एवढा हंगाम जाऊ दे मग बघू. मी दर रविवारी फोन करून विचारतो.